रिकाम्या टाकीचे वजन

प्रियजनाच्या वेदनेचे माप घेताना माणसाचा हात खरा राहीलच असे नाही. आयुष्यभर अचूक मापे घेतलेल्या हातालाही तेथे कंप सुटतो. आणि त्या कंपाला असत्य म्हणावे की करुणा, हे ठरवणे सोपे नाही.

मोजणीदार चाळीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झाला होता. वीतभर बांधासाठी भावाभावांनी डोकी फोडलेली त्याने पाहिली होती. त्याच्या आकड्यावर मात्र कोणी कधी बोट ठेवले नव्हते. त्या सकाळी त्याने आपली जीप गॅरेजात आणली. उंबऱ्यावरून चाक उतरताच पुढच्या आसनावर उशांना टेकलेल्या पत्नीने दाराची मूठ घट्ट धरली. आजार मणक्यात उतरला होता. इस्पितळाची वाट तेरा किलोमीटर, सगळी खडकाळ. दर आठवड्याला त्या वाटेचा प्रत्येक गचका तिच्या हाडांतून जाई.

“लांब पल्ल्याचे, चाकाला जास्त खालीवर होऊ देणारे शॉकअप टाकायचेत,” तो मिस्त्रीला म्हणाला. “चाक खड्ड्यात गेलं तरी वरचं माणूस हलता कामा नये.”

मिस्त्रीने जॅक लावून मागचे चाक अधांतरी लोंबू दिले, वरच्या आणि खालच्या बोल्टांमधले अंतर टेपने घेतले आणि दोन प्रकारचे शॉकअप फळीवर मांडले. लांबी दोहोंची सारखीच.

“हे कडक, भरल्या गाडीचे. हे मऊ, हलक्या गाडीचे. भरल्या गाडीला मऊ टाकले तर बूड आपटेल. हलकीला कडक टाकले तर वहिनींचे हाल. आता खरं सांगा दादा, गाडीत वजन किती असणार?”

“भरलेलीच धर. छतावर तंबू, मागे पाण्याची टाकी. तीनशे किलो.”

मिस्त्रीने टाकीवर बोटाचे पेर वाजवले. पोकळ आवाज सगळ्या गॅरेजात घुमला.

“ही तर ठणठणीत कोरडी आहे.”

“भरणार आहे. आम्हाला वाळवंट पार करायचंय. निवृत्तीनंतरचा बेत आहे आमचा. ही जरा हिंडूफिरू लागली की...”

मिस्त्री खाली बघून हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“मिस्त्रीभाऊ,” आसनावरून क्षीण आवाज आला, “त्या तीनशे किलोंत माझे किती धरलेत, विचारा त्यांना. लग्नातलं वजन धरलं असेल!”

कोणी हसले नाही. तीच थोडी हसली आणि खोकली.

“टाकी उतरवा. तंबूही. मऊ टाका.”

“अगं, पण आपलं ठरलेलं...”

“अहो, चाळीस वर्षं मातीशी कधी खोटं बोलला नाहीत. आता माझ्यापाशी सुरू करू नका.” ती थांबली, श्वास घेतला. “मला इस्पितळापर्यंत न कण्हता जायचंय. मी कण्हले की तुमचे हात स्टिअरिंगवर थरथरतात. दिसतं मला.”

मोजणीदाराने पाना घेतला आणि टाकीचे चारही बोल्ट स्वतःच सोडवले; मिस्त्री मदतीला पुढे आला, तर त्याला त्याने मानेनेच नको म्हटले. तंबू मात्र दोघांनी मिळून उतरवला. त्याची घडी अजून कोरी होती.

“कोपऱ्यात झाकून ठेवतो,” मिस्त्री म्हणाला. “लागेल तेव्हा न्या.” केव्हा, हे त्याने विचारले नाही.

दुपारी मऊ शॉकअप बसले, चाक खोल उतरले तरी ताणू नयेत म्हणून ब्रेकचे लांब पाइपही बसले. जीप बाहेर निघाली. उंबऱ्यावर चाक खोल उतरले आणि वर आले. तिचा हात मांडीवरच राहिला. मोजणीदाराने ते पाहिले आणि रस्त्याकडे नजर वळवली. ही वाट आणखी किती आठवडे लागणार, हे माप आता त्यालाही ठाऊक होते.

त्या खडकांवरून जाताना तिची झोप न मोडो. त्याचे हात स्थिर राहोत; आणि ज्या दिवशी शेजारचे आसन रिकामे घेऊन परतावे लागेल, त्या दिवशीही ती वाट त्याला सांभाळून घरी आणो.