चौदा नंबरची मोरी

भिकननं फरशीवर हातोडी मारली. आवाज ढब्ब आला. हातभर पुढं सरकून त्यानं पुन्हा मारली. पुन्हा ढब्बच.

"ओ मामा!" शिट्टी फुंकत सारजाबाई धावत आली. सायकल ट्रॅकवर राखणीला ठेवलेली बाई, अंगात ठेकेदारानं दिलेलं लाल जाकीट. "ठोकाठोकी नाय करायची इथं. पाटी वाचा की!"

पाटी त्यानं वाचली होती. फक्त चालणारे आणि सायकलवाले, बाकी सगळ्यांना मनाई. वा रे वा! याच भरावावरून मीटरगेजची गाडी धावायची तेव्हा भिकन चावीवाला होता. रोज पायी हिंडून, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, हेच त्याचं काम. सव्वीस वर्षं त्यानं हा भराव तळहाताच्या फोडासारखा जपला. आता रूळ गेले, फरशा आल्या, आणि त्यालाच पाटी दाखवतात!

"चौदा नंबरची मोरी हाय ही, भरावाखालनं ओढ्याचं पाणी जातं," तो म्हणाला. "रातच्या पावसानं खालची माती गेली. दर साली जाते. आम्ही खडी भरायचो. ह्यांनी वरून फरशा घातल्या अन् हात झटकले!"

तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम नानासाहेब मोटारसायकलवर आला. शहरातले दोनशे सायकलवाले शर्यतीला जमले होते, अर्ध्या तासात इथवर येणार होते. त्यानं भिकनचं म्हणणं गाडीवरून न उतरताच ऐकलं.

"आज सकाळीच मोठे साहेब चालून गेले हितून. काय झालं का?"

"साहेब एकटं चाललं. दोनशे सायकली एकदम आल्यावर?"

"तुम्ही इंजिनीअर हायेत का?"

"चावीवाला."

नानासाहेब फिदीफिदी हसला. "सारजाबाई, ह्यांना खाली उतरवा. नायतर उद्यापासून तुम्ही पण येऊ नका." आणि किक मारून निघून गेला.

भिकनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुळात दोष दिसला की चावीवाल्यानं लाल झेंडी लावायची, आणि बदलीच्या माणसानं येऊन आपलं नाव आणि जागा सांगितल्याशिवाय तिथून हलायचं नाही. असा तो एकदा भर उन्हात, पाण्यावाचून, दुपारभर उभा राहिला होता. आज झेंडी कुठली? त्यानं डोक्याचा लाल फेटा सोडला. चारचौघांत उघड्या डोक्यानं तो बापाच्या मयतीतच काय तो उभा राहिला असेल. फेट्याचं एक टोक कठड्याला, दुसरं पलीकडच्या बाभळीला बांधून तो मधोमध उभा राहिला. "बदली येऊन नाव अन् जागा सांगत नाय, तवर चावीवाला हलत नसतो," तो म्हणाला.

"मामा, पाया पडते. माझी नोकरी जाईल हो. तीन लेकरं हायेत घरी."

"अन् कुणाचं लेकरू ह्या मोरीत गेलं म्हंजी?" भिकन कडाडला. त्यानं हातोडी तिच्यापुढं धरली. "मी खोटा आसंल तर तूच वाजव."

सारजाबाईनं घाबरत घाबरत एक ठोका मारला. मग दुसरा, जोरात. फरशी बोटभर खचली आणि खाली पाण्यात काहीतरी धपकन पडलं. ती झटकन मागं सरली.

वळणावर रंगीबेरंगी हेल्मेटं दिसायला लागली. भिकननं दोन्ही हात वर केले. ओरडला, पण म्हाताऱ्याचा आवाज तो केवढा!

"काका, बाजूला व्हा! शर्यत चालू आहे! कुणी सोडलंय ह्यांना इथं?" पुढचा सायकलवाला लांबूनच खेकसला. वेग काही कमी होईना.

मागून शिट्टी वाजली. लांबलचक, थांबतच नव्हती. सारजाबाई फेट्याखालून वाकून पुढं झाली. अंगातलं लाल जाकीट काढून तिनं दोन्ही हातांनी हलवायला सुरुवात केली.

"थांबा! रस्ता बंद हाय! मागं व्हा म्हन्ते ना!"

ब्रेक करकरले. एकामागं एक सायकली थांबल्या. शिव्या आल्या, मोबाईल निघाले, कुणी नानासाहेबाला फोन लावला. सारजाबाईनं तिकडं पाहिलंही नाही. जाकीट कठड्याला बांधलं, फेटा सोडून घडी केली आणि दोन्ही हातांनी भिकनपुढं धरला.

"डोई झाका, मामा. बदली आलीया."

भिकननं फेटा घेतला, पण जागा सोडली नाही.

"नाव?"

"सारजाबाई."

"मोरी?"

"चौदा."

मग तो बाजूला झाला आणि फेटा बांधायला लागला.