गळती : एकतीस

वाचकहो, पुढील मजकुरात 'गळती' या एका शब्दाची हकीकत, जशी घडली तशी, निवेदन करण्याचे योजिले आहे. हकीकत लहान आहे. तिच्यात कोणी मरत नाही. फसवणूक आहे, परंतु ती अवघ्या चार अंकांची. एका कारागिरास बसता येत नव्हते, हेच काय ते तिच्यातील संकट होय.

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या कारागिराने हात वर केला, तेव्हा बैठक संपल्यातच जमा होती. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीत डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पानावर सहीची जागा बोटाने दाखविली होती आणि पेनही पुढे सरकविले होते.

"बोला काका. काही शंका?"

"पान चार," तो म्हणाला. "इथं लिहिलंय, पहिल्या टप्प्यात गळती एकतीस. ही गळती कुठून आहे?"

कोपऱ्यातील बेसिनचा नळ ठिबकत होता. मग शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकेने, जिला तेथे सर्वजण नुसते 'बाई' म्हणत, चष्मा कपाळावर चढविला.

"वॉशरकाका, ही तुमच्या धंद्यातली गळती नव्हे. माणसांची गळती. ऐंशी जण आले, एकतीस मधेच सुटले. शाळेतून पोरं गळतात ना, तशी."

'वॉशरकाका' हे नाव बाईंनीच ठेविले होते. बोटांच्या सांध्यांच्या आजारावर तेथे संशोधन चालले होते. रबरी चेंडू रोज ठराविक वेळा दाबल्याने आखडलेली बोटे सुटतात की नाही, हे त्यात पाहावयाचे होते. संशोधनाचा कागद डॉक्टरांनी एकट्याने न लिहिता आजारी माणसांनी व त्यांच्या घरच्यांनीही सोबत बसून लिहावा, अशी तेथील नवी पद्धत होती. बाई स्वतः आजारी होत्या. कारागीर आला होता तो बायकोच्या वतीने. पहिल्या बैठकीत प्रत्येकास आजाराविषयी दोन शब्द सांगावयास लावले, तेव्हा तो उठून म्हणाला होता, "हिच्या बोटांतले वॉशर झिजलेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुस्तकापेक्षा हे सोपे आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

खरे सांगावयाचे तर बाईंनी फोड करून सांगेपर्यंत 'गळती' या शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या ध्यानी आला नव्हता. इमारतीत एकतीस ठिकाणी पाणी गळत असून हे लोक चेंडूच्या गोष्टी करीत बसले आहेत, असेच त्यास वाटले होते. परंतु एकदा लावलेला पाना अर्ध्यावर सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"माणसांचीच म्हणतोय मी," तो म्हणाला. "कुठून गळाली?"

"आम्ही प्रत्येकाला फोन केला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जवळजवळ सगळे एकच म्हणाले, घरगुती अडचण. तसं नोंदवलंय."

"मॅडम, ते कारण नाही झालं. ते झाकण झालं."

बाई हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पान चारवर काहीतरी खूण केली.

तो पुन्हा उठला आणि बेसिनशी जाऊन नळ आवळून आला. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती. नळ दोन श्वास गप्प राही आणि पुन्हा सुरू होई.

"अहो, बसा की!" बाई म्हणाल्या. "शेपटीवर पाय पडल्यासारखं काय करताय? माझ्या वर्गात असता तर बाकाला बांधलं असतं."

तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर. त्याचे खरे दुखणे पान सहावर होते. तेथे लिहिले होते, 'पहिला टप्पा अर्ध्यावर सोडलेल्या व्यक्तींना दुसऱ्या टप्प्यात घेतले जाणार नाही.' त्या एकतिसांत त्याची बायको होती. बारापैकी चार खेपा करून तिने येणे सोडले होते. त्यानंतरच्या सात महिन्यांत तिची उजव्या हाताची दोन बोटे तळव्याकडे वळू लागली होती. त्याने तिला अनेकवार विचारले होते. ती म्हणे, "नको वाटलं." चेंडूच्या व्यायामाने कळा येत असाव्यात, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते. चेंडू नरम करवून घ्यावयाचा, पान सहावरील ती ओळ काढवावयाची आणि तिला पुन्हा आत घालावयाचे, याच हेतूने तो कागद लिहिणाऱ्या या समितीत आला होता.

"ही ओळ काढा," त्याने बोट ठेविले.

"काका, नीट ऐका," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "लोक मधेच गेले की आमचे आकडे अर्धवट राहतात. परत घेतले आणि परत गेले, तर दुसरा टप्पाही फुकट. का गेले ते तुम्ही मला सांगा, मी ओळ काढते. उद्या दहाला कागद वरच्या समितीकडे जायचाय."

"मग सही उद्या करतो."

"मीही उद्याच करते," बाईंनी पेन परत सरकविले. "वॉशरकाकांशिवाय मला एकटीला कंटाळा येतो."

दुपारी तो घरी पोचला, तेव्हा बायको मनगटांच्या मध्ये पातेले धरून विसळीत होती. त्याने चप्पल काढण्याआधीच बोलण्यास आरंभ केला.

"अगं, चेंडू नरम करायला सांगतो मी उद्या. अगदी कापसासारखा. मग तर जाशील?"

"चेंडूला कशाला बोल लावता? चेंडू चांगला होता."

"मग दुखायचं का?"

"दुखतंच. घरी काय कमी दुखतं?" तिने पातेले पालथे घातले आणि दोन्ही तळहातांनी नळ बंद केला.

तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला. ओट्यापासून दारापर्यंत पाच पावले, परत पाच. तिसऱ्या खेपेस तो नळापाशी थबकला. नळाच्या तोंडाला एक पांढरा सुती दोरा होता. त्याचे टोक खाली मोरीच्या जाळीपर्यंत गेले होते आणि त्या दोऱ्यावरून पाण्याचा थेंब, मागून दुसरा, मागून तिसरा, असे निमूट उतरत होते. आवाज अजिबात नव्हता.

"हे काय?"

"दोरा."

"ते दिसतंय. कधीपासून?"

"झाले की पाच-सहा महिने."

त्याने खाली वाकून पाहिले. दोऱ्याला गाठ नव्हती, नुसते चार वेढे दिले होते. गाठ मारणे त्या बोटांना जमण्यासारखे नव्हते. गावभरचे नळ बंद करीत हिंडणाऱ्या माणसाच्या घरात सहा महिने नळ गळत होता आणि त्यास पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

"मला सांगायचं नाही? वॉशर बदलून दिला असता."

"वॉशर चांगला आहे." ती पदराला हात पुसू लागली. "मला पिळवत नाही शेवटपर्यंत. थोडा सुटाच राहतो. आणि आवाज झाला की तुम्ही उठता. जेवता जेवता उठता. म्हणून बांधला."

तो स्टूल ओढून बसला.

"तिथं व्यायामाच्या खोलीच्या दाराला काच आहे," ती नळाकडे पाहत म्हणाली. "बाहेरचा बाक समोरच दिसतो. तुम्ही बसायचात. उठायचात. फोन बघायचात. परत बसायचात. मग बाहेरच्या कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन त्याला हलवून बघायचात. मला चेंडू बारा वेळा दाबायचा असायचा, दर खेपेला."

"मग?"

"मी आठ वेळा दाबायचे आणि सांगायचे बारा झाले."

दोऱ्यावरून एक थेंब उतरला.

"तिथल्या नोंद ठेवणाऱ्या मुली बिचाऱ्या लिहून घ्यायच्या. बारा. चार खेपा असंच केलं. मग मलाच लाज वाटली. माझे खोटे आकडे बघून उद्या कुणाला औषध सांगतील हे लोक. त्यापेक्षा न गेलेलं बरं."

"फोन आला तेव्हा काय सांगितलंस?"

"काय सांगणार? नवऱ्याला बसवत नाही म्हणून?" ती किंचित हसली. "म्हटलं, घरगुती अडचण."

दुसऱ्या दिवशी तो दहास पाच मिनिटे कमी असता पोचला. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. बेसिनचा नळ ठिबकत होता. तो त्याच्या बाजूस पाठ करून बसला.

"सापडली गळती?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"एक सापडली, मॅडम. बाहेरचा बाक. तो काचेसमोरून हलवा. सोबत आलेलं माणूस तिथं ताटकळतं, ते आतल्याला दिसतं, आणि आतला आपलं काम उरकतो. नाहीतर सोबतच्याला आतच घ्या. त्याला काहीतरी काम द्या. मोजायला लावा." तो थांबला. मग खाली पाहून म्हणाला, "आणि एका माणसाचे चार खेपांचे आकडे खोटे आहेत. बारा लिहिलंय तिथं आठ धरा. तिनंच सांगायला सांगितलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेविले. "हे कोण? कुणी सांगितलं?"

"घरगुती आहे," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे पाहिले. एरवी त्या काहीतरी टोमणा मारत्या. त्या दिवशी मारला नाही.

"आणि बाकीचे तीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"ते फोनवर नाही कळायचं. गळती शोधायला भिंतीला कान लावावा लागतो. पत्ते द्या, आम्ही दोघं जातो."

"म्हणजे मला चालवणार हा माणूस," बाई म्हणाल्या. "लिहा माझं नाव."

डॉक्टरीणबाईंनी वरच्या समितीस फोन लावून आठ दिवसांची मुदत मागितली. मग पान सहावर त्या ओळीतून त्यांनी एक आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही.

दोन महिन्यांनंतरच्या एका गुरुवारी बायको त्या काचेच्या दाराआड बसली. बाक तेथे नव्हता. कारागीर आत, तिच्या शेजारच्या खुर्चीवर, हातात तक्त्याचा कागद व पेन्सिल घेऊन होता. खिशातील फोन दोनदा थरथरला. बाहेर कोठेतरी पाण्याचा आवाज येत होता.

"सहा," तो म्हणाला. "सात."

आठव्या वेळी तिने चेंडू दाबिला आणि सवयीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

तो कागदाकडे पाहत होता. खुर्चीखाली त्याने एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट दाबून धरिला होता.

"आठ," तो म्हणाला. "सावकाश होऊ दे."

येथे ही हकीकत संपते. वाचकांनी इतका वेळ एका जागी बसून ती वाचली, याबद्दल लिहिणारा त्यांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. बसणे किती अवघड असते, हे त्यास ठाऊक आहे.

आपला नम्र,
वॉशरकाका