बटाट्यांच्या पोत्याचा भाव

माझे बाबा आमच्या टीमला बटाट्यांचं पोतं म्हणतात. गोलकीपरला ते फाटक म्हणतात, कारण तो कुणालाही आत सोडतो, आणि मॅनेजरला जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. हे सगळं ते दर शनिवारी म्हणतात, पावसात उभं राहून, तिकीट काढून. पोर्टक्रेग हार्बर फुटबॉल क्लबचे समर्थक असेच असतात. स्कॉटलंडच्या नकाशात आमचं गाव शोधायला भिंग लागतं आणि लीगच्या तक्त्यात आमची टीम शोधायला मान खाली घालावी लागते.

बाबांकडे क्लबचे वीस शेअर आहेत, पणजोबांपासून चालत आलेले. त्यांची सर्टिफिकेटं आमच्या संडासात फ्रेम करून लावली आहेत, बसलं की बरोबर डोळ्यांसमोर. त्यावर आजवर कुणाला दमडी मिळालेली नाही आणि ते शेअर मागायलाही कधी कुणी आलं नव्हतं. मग या वसंतात क्रिस्पिन हेल आला.

हा हेल इंग्लंडातला. बागेत ठेवायचे गरम पाण्याचे टब विकून श्रीमंत झालेला. त्याने एका शेअरला चाळीस पौंड देऊ केले आणि आमच्या गावाला वेड लागायची पाळी आली. अटी त्याने लपवल्या नाहीत. समुद्रकाठचं आमचं मैदान विकून तिथे घरं होणार. टीमने शेजारच्या बाल्कर्नच्या मैदानावर, प्लॅस्टिकच्या गवतावर, भाड्याने खेळायचं. आणि महिलांची टीम बंद. खर्च फार आणि बघे कमी, म्हणाला.

महिलांची टीम म्हणजे, माफ करा, पण मी! आतापर्यंत तिसरी गोलकीपर होते. पण पहिलीला बाळ होणार आहे, दुसरी शिकायला अ‍ॅबर्डीनला चालली आहे, म्हणजे ऑगस्टपासून गोलमध्ये मॉर्वेन गेडीज. ज्या गोलमध्ये बाबांचं फाटक उभं राहतं त्याच गोलमध्ये. आणि हा टबवाला ते माझ्या हातातून काढून घेणार होता.

आमच्या स्वयंपाकघरात रोज युद्ध. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला त्यांची मोठी बहीण इसोबेल, माझी आत्या. ती मासे धुरावर भाजायच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे ती घरात शिरली की मांजर उठून बसतं.

"चाळीस पौंड, इसोबेल! एका शेअरचे! त्या कागदात मासळीसुद्धा कुणी बांधून घेणार नाही."

"त्याला कागद नकोच आहे, ग्रेगर. त्याला जमीन हवीय."

"घेऊ दे. आपल्या बचावफळीपेक्षा घरं बरी. निदान जागेवर तरी उभी राहतील."

"पुढच्या हंगामात आपण वर जाणार आहोत," आत्या म्हणाली. हे ती माझ्या जन्माच्या आधीपासून म्हणते आहे.

"वर? आधी याच हंगामात खाली नाही गेलो तर बघ!"

"आणि मॉर्वेनचं काय?"

बाबांनी चहात साखर ढवळली. साखर ते घेत नाहीत. "मॉर्वेनला दुसरी टीम मिळेल."

"बाल्कर्नला जाऊ?" मी विचारलं.

मी बँक लुटायची परवानगी मागितल्यासारखं दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मंगळवारी मला सोळा वर्षं पूर्ण झाली. बाकीच्या मुलींना कानातले मिळतात. मला आत्याने स्वतःच्या शेअरांतला एक शेअर दिला, रीतसर माझ्या नावावर करून. सोळा झाली की आमच्याकडे तुमची सही चालते. आणि एक शेअर म्हणजे थोडं समजू नका. आमचा क्लब सुरू केला हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायकांनी आणि जाळी विणणाऱ्यांनी. गावातल्या बोटमालकाने पैशाच्या जोरावर तो गिळू नये म्हणून त्यांनी नियम करून ठेवला आहे: शेअर कितीही असोत, माणशी एकच हात. म्हणजे बाबांचे वीस आणि माझा एक, सभेत अगदी सारखे! हे मी बाबांना त्या दिवशी इतक्या वेळा ऐकवलं की ते बाहेर जाऊन गाडी धुवायला लागले. पाऊस पडत असताना.

सभा गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये. नेमकी त्याच वेळी तिकडे बाल्कर्नची किर्कलोनशी मॅच होती. समुद्रावरून धुकं आल्यामुळे ती आधी रद्द झाली होती. आमचे सगळे सामने संपले होते. आता बाल्कर्न जिंकलं तर आम्ही खालच्या लीगमध्ये, नाही जिंकलं तर वाचलो. असला दिवस सभेला निवडला क्लबच्या अध्यक्षांनी, डॉक्टर टलॉक यांनी. लोक घरी बसतील आणि विक्री गुपचूप होईल असा त्यांचा हिशेब असावा. पण चाळीस पौंड म्हटल्यावर अंथरुणाला खिळलेलेसुद्धा आले.

टलॉक दातांचे डॉक्टर आहेत. निम्म्या गावाचे दात त्यांनी काढले आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला लोक जरा बिचकतात. त्यांच्या शेजारी हेल बसला होता, मऊ स्वेटरमध्ये. दुसऱ्या बाजूला चिटणीस मिसेस पेट्री, पेन्सिल घेऊन. आत्या माझ्या शेजारी, डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीच्या आत कानात मॅचचं समालोचन.

अर्धा तास भाषणं झाली. मग टलॉक म्हणाले, "क्लब श्री. हेल यांना विकण्याच्या ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर व्हायला लागले. हळूहळू, लाजत, एक इथे, एक तिथे. बाबा माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांचा हात खांद्यापर्यंत आला. मी त्या हाताकडे बघत होते, आणि तेवढ्यात आत्या खुर्चीवर उभी राहून किंचाळली,

"गोऽऽल! किर्कलोनने घातला! बाल्कर्नवर गोल!"

मग काय विचारता. सगळा हॉल उभा. सगळे हात आकाशात. शेजारची नव्वदीची मिस बकन काठी फेकून मला बिलगली. कुणीतरी चहाच्या भांड्याचा मुका घेतला. टलॉकसुद्धा टाळ्या पिटत होते, शेवटी तेही हार्बरचेच. शांत होत्या फक्त मिसेस पेट्री. त्यांना फुटबॉल आवडत नाही. त्या पेन्सिल नाचवत हात मोजत होत्या.

त्यांनी टलॉकना चिठ्ठी दिली. टलॉकनी घसा साफ केला. "ठराव प्रचंड बहुमताने मंजूर."

मग एकदमच कल्ला.

"अहो डॉक्टर, मी गोलसाठी हात वर केला!"

"मी तर विरोधात आहे! माझा दंड दुखतो म्हणून एरवी मी हातच वर करत नाही!"

"हात का वर केला याची नोंद ठेवायची पद्धत नाही," टलॉक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण शब्द मागे घ्यायची त्यांची तयारी नव्हती. हेल छान हसला आणि त्याने पेनचं टोपण काढलं.

मी कधी उभी राहिले मला कळलंच नाही. पण आवाज निघाला, आणि चांगला खणखणीत निघाला!

"मिसेस पेट्री, हॉलमध्ये जेवढी माणसं आहेत त्याहून तुमचे हात जास्त भरलेत ना?"

मिसेस पेट्रींनी कागद बघितला, मग हॉल बघितला. "जवळजवळ दुप्पट," त्या म्हणाल्या.

"कारण सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. नियम आहे माणशी एक. मग यातला कुठला हात मताचा आणि कुठला गोलचा?"

"मुली, तू सभासद आहेस का?" टलॉकनी विचारलं.

"मंगळवारपासून. आणि उभीच आहे तर अजून एक सांगते. हा क्लब विकला तर ऑगस्टमध्ये मला खेळता येणार नाही. मला आपल्या गोलमध्ये उभं राहायचंय. बाल्कर्नच्या प्लॅस्टिकवर नाही, इथे. बस, एवढंच."

"फाटकापेक्षा तू बरी अडवशील गं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. टलॉक आ वासून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते आ वासणाऱ्यांच्या बाजूला होते. मिसेस पेट्रींनी चिठ्ठी परत घेऊन फाडली. मतदान पुन्हा घ्यायचं ठरलं.

बाबांनी वळूनही बघितलं नाही. मानेमागून त्यांचं काही कळत नाही.

तेवढ्यात आत्याने टोपीवर हात दाबला. "बरोबरी," ती पुटपुटली. मिसेस पेट्री नवा कागद आखत बसल्या. मग तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेवटच्या मिनिटाला. बाल्कर्न दोन, किर्कलोन एक."

आम्ही खाली गेलो होतो. चर्चच्या हॉलमध्ये कुणीतरी प्रार्थनेच्या सुरात एक सणसणीत शिवी दिली आणि पाद्रीबुवांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

मतदानाआधी हेल उभा राहिला. "मला मनापासून वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण खालच्या लीगचा क्लब म्हणजे वेगळा माल. तेव्हा शेअरला वीस पौंड. निम्मे. बाजाराचा नियमच आहे."

बाबा हळूहळू उठले.

"निम्मे?"

"तुमची टीम तुम्ही बघितलीच आहे, साहेब."

"मी बघितलीय! मी! तिला बटाट्यांचं पोतं मी म्हणतो, तीस वर्षं म्हणतोय, भिजून म्हणतोय. तुम्ही दोन मॅच बघितल्यात, त्याही काचेआडून. तुम्ही कोण आमचा भाव पाडणारे?"

"पण गोलकीपर तर..."

"आमच्या गोलकीपरबद्दल एक शब्द बोलायचा नाही!" बाबा गरजले. "डिसेंबरमध्ये त्याने पेनल्टी अडवलीय!"

"ती बाहेर गेली होती, ग्रेगर," कुणीतरी म्हणालं.

"नजरेने बाहेर घालवली त्याने!"

हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. वर्षभर ज्यांनी त्या बिचाऱ्या फाटकाला झोपू दिलं नव्हतं त्यांनीच. टलॉकनी पुन्हा विचारलं, बाजूने कोण. त्यांचा स्वतःचा हात अर्धा वर गेला आणि मग त्याने चष्मा सारखा केला. बाकी एकही नाही. हेलने पेनला टोपण लावलं.

बाहेर अजून लख्ख उजेड होता, आमच्याकडे मे महिन्यात असतोच. आत्या पुढे निघाली, पुढच्या हंगामाबद्दल मिस बकनला समजावत. आम्ही दोघं मैदानाच्या भिंतीकडेने चाललो होतो.

"भाव निम्मा केला म्हणून तुम्ही फिरलात," मी म्हणाले. "माझ्यासाठी नाही."

"तुझ्यासाठी कशाला?" बाबा म्हणाले. पाच-दहा पावलं पुढे गेले. मग म्हणाले, "तू उभी राहिलीस तेव्हाच ठरलं होतं, माझा हात आता वर जायचा नाही. पण आठवडाभर एवढी बडबड केल्यावर उठून सांगू काय? तो मूर्ख म्हणाला निम्मे, माझं काम झालं."

मी भिंतीवरून बोटं ओढत चालत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि गोलकीपरने गावात रडायचं नसतं.

"तुमची पहिली मॅच कुणाशी?" त्यांनी विचारलं.

"बाल्कर्नशी. त्यांच्याकडे."

"बाल्कर्नला मी पाय ठेवत नाही."

"माहितीये."

"त्यांच्याकडचं सूपसुद्धा पाण्यासारखं असतं."

"असेल."

त्यांनी भिंतीवरून आत बघितलं, रिकाम्या गोलकडे, बराच वेळ.

"बस किती वाजता निघते?"