अळणी बांगडा

"समजलं ना?" या प्रश्नाला त्या दवाखान्यात कुणी कधी "नाही" म्हटल्याचं गिरजा सिस्टरला आठवत नव्हतं. समजो न समजो, मान हलायचीच. म्हातारी माणसं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत "व्हय बाय" म्हणून मोकळी होत. घाई सगळ्यांनाच, सिस्टरला पुढच्या खाटेची, पेशंटला घरची.

कान्हूबाबाही मान हलवणाऱ्यांतलाच. पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर जन्म काढलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटा राहायचा आणि हाताने रांधून खायचा. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साचायचं, दम लागायचा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. बाबा बरा होऊन घरी जायचा आणि थोड्याच दिवसांत पायांचे भोपळे करून पुन्हा दारात हजर. यंदाची ही तिसरी खेप. लेक चंद्रावती रोह्यात दिलेली, म्हणून दवाखानाही रोह्याचाच.

"म्हातारा चोरून मीठ खातो," असं चंद्रावतीचं म्हणणं. डॉक्टरांनाही तेच वाटे. या वेळी तर तिने ठरवूनच टाकलं होतं.

"आता तुला गावाला नाय पाठवायची, बा. घराला कुलूप घालते नि माझ्याकडंच ठेवते."

"मी मीठ खात नाय," कान्हूबाबा म्हणाला.

"मग पाय काय उगीच सुजले?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. गिरजा सिस्टरला वाईट वाटलं. खोटं बोलणारा माणूस शपथा घेतो, दहा कारणं सांगतो. हा तर नुसताच भिंतीकडे वळला होता.

घरी सोडायच्या दिवशी ती गोळ्या घेऊन आली. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता, तो तिने गिळला आणि स्टूल ओढून बसली.

"बाबा, समजा, मी तुमच्या घरी पाहुणी आले. मलाही डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. काय रांधून घालाल?"

रांधण्याचं कुणी विचारलं म्हटल्यावर म्हातारा खुलला. "भात, बिनमिठाचा. डाळ, तीपण अळणी. पण बाय, घास घशाखाली उतरत नाय गो. मग जोडीला एक खारा बांगडा भाजतो."

न्यायला आलेल्या चंद्रावतीने कपाळावर हात मारला. "ऐकलंत? खारा बांगडा!"

"धुऊन!" बाबा ताडकन उठून बसला. "चांगला तीन पाण्यांनी धुतो. अगो, मिठाचं मला शिकवतेस? अवकाळी पाऊस आला नि आख्खी रास डोळ्यांदेखत पाणी होऊन गेलेली बघितलीय मी. तिथं बांगड्याचं मीठ ते काय टिकणार?"

गिरजा सिस्टरच्या आता लक्षात आलं. म्हातारा चोर नव्हता. सगळ्या वॉर्डात त्याच्याइतका आज्ञाधारक पेशंट दुसरा नसेल.

"जवळ आहे का एखादा?" तिने हळूच विचारलं.

बाबाने ओशाळत उशाखालच्या पिशवीतून घरून आणलेली कागदाची पुडी काढली. धुऊन भाजलेल्या बांगड्याचा वास शेजारच्या खाटांपर्यंत गेला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि लेकीकडे बघून म्हणाला, "बघ. अळणी."

चंद्रावतीने तणतणत एक कण जिभेवर ठेवला, आणि धावत जाऊन माठातलं पाणी प्यायली. "आई गो! जीभ सोलली माझी!" परत आली तेव्हा बाप गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत होता. तो नाटक करत नव्हता.

"बा, तुला खरंच खारट लागत नाय?"

"नाय गो."

एवढी वर्षं मिठात राबून त्याची जीभही मिठागर झाली होती. चंद्रावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाला तिने चोर ठरवलं होतं, तेही चारचौघांत.

"बाबा," सिस्टर म्हणाली, "रास उघड्यावर असते, ती वाहून जाते. माशाला मीठ लावलं की ते आत मुरतं. लोणच्याची फोड कितीही धुतली, तरी कैरी पुन्हा पहिल्यासारखी होते का?"

"नाय होत," बाबा म्हणाला. मग हळूच विचारलं, "म्हंजे मी खोटा नव्हतो ना, बाय?"

"नव्हतात. आम्हीच कधी नीट विचारलं नाही."

चंद्रावतीने डोळे पुसले आणि ती पुडी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "जा तुझ्या घरी. ताजा बांगडा खा, वर लिंबू पिळ. कुलूप नाय लावत मी." म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की पलीकडच्या खाटेवरचा पेशंटही हसला.

मग गिरजा सिस्टरने गोळ्या समजावल्या. ही पांढरी सकाळी, ही पिवळी जेवल्यावर, आणि पाय सुजायला लागले की वाट न बघता यायचं. सवय ती सवय, शेवटी तिच्या तोंडून निसटलंच, "समजलं ना?"

"व्हय," चंद्रावती म्हणाली.

कान्हूबाबाने तळहातावरच्या गोळ्या उलटसुलट करून बघितल्या.

"नाय समजलं, बाय. पुन्हा एकदा सांग."

पुढच्या खाटेवरून हाका येत होत्या. "आले हं," असं तिकडे ओरडून गिरजा सिस्टर आनंदाने पुन्हा स्टुलावर बसली.