चार नंबरची चुंबळ

"तुम्ही नुसतं बसायचं, ताई. बाकी काही करायचं नाही," मृणालीने सांगितलं आणि मोजपट्टीचं टोक मालनच्या गुडघ्याशी धरलं.

नुसतं बसायचं म्हणजे काय, हे मालन गोताडला कुणी शिकवायची गरज नव्हती. रत्नागिरीतल्या 'सागररत्न बझार'मध्ये चार नंबरच्या काउंटरवर ती अकरा वर्षं बसत होती. आज मात्र तिला दुकानामागच्या गोदामात प्लायवूडच्या एका खोट्या काउंटरपुढे बसवलं होतं. कंपनी बिलिंगची सगळी जुनी काउंटरं काढून नवी बसवणार होती आणि त्यांचा नमुना घेऊन ही पोरगेलीशी इंजिनिअर मृणाली पुण्याहून आली होती. नमुन्याला मोटर नव्हती. मालाचा पट्टा सरकवायला म्हातारा हरिश्चंद्र सुतार एका टोकाला हँडल धरून उभा होता. आज इथे जे ठरेल ते कोकणातल्या नऊ दुकानांत बसणार होतं आणि एकदा बसलं की पुढची पंधरा वर्षं त्याला कोणी हात लावणार नव्हतं.

हे मालनला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर तिचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या डोळ्यांपुढे सारखी कमळाताई येत होती. कमळाताई तिच्या शेजारी, तीन नंबरवर बसायची. मालनला काम शिकवलं ते तिनेच. तांदळाची दहा किलोची गोणी डावीकडून उचलायची, स्कॅनरच्या काचेवरून ओढायची आणि कमरेत वळून उजवीकडे ठेवायची. पाय लोंबकळत ठेवून, कारण गुडघे आत घालायला काउंटरखाली जागाच नव्हती. नोकरीच्या नवव्या वर्षी कमळाताईचा उजवा खांदा असा धरला की हात छातीच्या वर जाईना. नोकरी सोडून ती कोतवड्याला घरी बसली. रोज अबोलीचा गजरा माळून कामावर येणारी बाई, पण आता तिची वेणी सून घालत होती. आणि गेल्या शिमग्यापासून मालनचाही खांदा बोलायला लागला होता.

सकाळीच मॅनेजर निलेशने तिला बाजूला घेतलं होतं. "मालनताई, पुण्याच्या मॅडम येतायत. तुमची ती कापडं न् तो पाट आज दिसता कामा नये हां."

पाट पायाखाली घ्यायचा. तो ती घरून घेऊन आली होती. कापडं म्हणजे चुंबळी. डोक्यावर हंडा घेताना खाली जी कापडाची गोल चुंबळ ठेवतात, तीच. मालनने जुन्या साडीच्या सहा चुंबळी शिवल्या होत्या, त्या नारळांसाठी. रत्नागिरीत नारळ विकत घेणं म्हणजे खरं तर लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण ज्यांच्या दारात माड नाही अशी फ्लॅटमधली माणसं आता शहरात ढिगाने झाली आहेत आणि गणपतीच्या आधी ती डझनाने नारळ नेतात. पट्टा सुरू झाला की नारळ मागे घरंगळतो, थांबला की पुढे धावतो, आणि टोकाला पोचला की तिथल्या पत्र्याला टेकून जागच्या जागी गरगर फिरत राहतो. मालनच्या काउंटरवर मात्र नारळ चुंबळीत बसून शहाण्यासारखे यायचे. नेहमीची गिऱ्हाइकं तर स्वतःच चुंबळी मांडून घेत.

गेल्या गणपतीत यातली एक चुंबळ पट्ट्याच्या टोकाच्या फटीत ओढली गेली. पट्टा अडकला, मोटरमधून धूर आला, रांग थेट दारापर्यंत गेली आणि मालनला मेमो मिळाला. उभ्या जन्मात तिला कोणी लेखी बोल लावला नव्हता. तो कागद तिने घरी कोणाला दाखवला नाही. पण गप्पही बसली नाही. सहाही चुंबळी उसवून तिने फटीत शिरणार नाहीत इतक्या जाड शिवल्या आणि परत आणल्या. निलेशने त्यांच्याकडे कानाडोळा केला, कारण चार नंबरची रांग सगळ्यांत लवकर सरकते हे त्यालाही दिसत होतं.

मृणालीने बिस्किटांचे पुडे, साबण आणि तेलाच्या पिशव्या पट्ट्यावर ठेवल्या. हरिश्चंद्रने हँडल फिरवलं. सगळं कसं आज्ञाधारक पोरांसारखं रांगेने मालनपाशी आलं.

"परफेक्ट," मृणाली म्हणाली आणि तिने वही मिटायला घेतली.

वही मिटली की संपलं. पुढची पंधरा वर्षं पुन्हा तोच सपाट पट्टा, तीच काच, त्याच गोणी आणि नव्या आलेल्या पोरींचे खांदे. ती उठली.

"ताई, कुठे निघालात?" दाराशी उभ्या निलेशने विचारलं.

"आलेच," असं म्हणून ती दुकानात गेली ती एक ट्रॉली ढकलतच परतली. ट्रॉलीत सहा शेंडीवाले नारळ आणि तांदळाची गोणी होती.

"मॅडम, बिस्किटा सगळीकडं सरळच जातात. गणपतीत आमच्याकडं कोण नुसती बिस्किटा न्यायला येत नाय. आता हे घ्या." तिने सहाही नारळ पट्ट्यावर ठेवले. "फिरवा हो, दादा."

हरिश्चंद्रने हँडल फिरवलं. दोन नारळ मागे पळाले, एक आडवा होऊन तिघांना अडवून बसला आणि मागे पळालेल्यांतला एक काठावरून सुटून थेट निलेशच्या नव्याकोऱ्या बुटावर आला. निलेशने एक पाय धरून असं काही तोंड केलं की हरिश्चंद्रला हँडल सोडून भिंतीकडे वळावं लागलं. म्हाताऱ्याचे खांदे मात्र हसताना मागूनही दिसत होते.

मृणाली हसली नाही. तिने मिटलेली वही पुन्हा उघडली. "अजून काय होतं?"

"आता तुमी बसा," मालन म्हणाली.

"मी?"

"होय तर. गिऱ्हाईक मी होते. ही गोणी घ्या, काचेवरनं न्या न् पलीकडं ठेवा. मी परत अलीकडं आणून ठेवते. दादा, मोजा तुमी."

पुण्याची इंजिनिअर मुकाट्याने खुर्चीत बसली. पहिल्या पाच वेळा तिने गोणी झटक्यात नेली. दहाव्याला ती खुर्चीवरून अर्धी उठली. पंधराव्याला तिने हात बदलला. वीस, असं हरिश्चंद्र म्हणाला तेव्हा तिने गोणी काचेवरच सोडली आणि खांदा चोळत विचारलं, "दिवसाला किती?"

"एरवी चाळीस-पन्नास. गणपतीत शंभराच्या वर."

"आणि हे तुम्ही अकरा वर्षं..."

"मी अकरा वर्षा. माझ्या बाजूला कमळाताय होती. नवव्या वर्षी तिचा खांदा गेला. आता केस बांधायला हात वर जात नाय तिचा." मालनने गोणीवर हात ठेवला. "मॅडम, गोणी उचलायचीच कशाला? ट्रॉलीत पडू दे तिला. ते लाल उजेडाचं मशीन वायरला बांधून हातात द्या. गोणीनं आमच्याकडं येण्यापेक्षा आमचा हात तिच्याकडं जाईल."

मृणाली भराभर लिहीत होती. "आणि नारळ?"

मालनने निलेशकडे पाहिलं. तो बुटाकडे पाहत होता. तिने पिशवीत हात घालून एक चुंबळ काढली, पट्ट्यावर ठेवली आणि तिच्यात नारळ बसवला. हरिश्चंद्रने हँडल फिरवलं. नारळ जागचा न हलता टोकापर्यंत आला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"चालतं रोज?"

आता नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. मेमोचं पुण्याच्या बाईला कुठून कळणार? निलेश काही सांगणार नव्हता, नाहीतर मेमो मिळूनही चुंबळी परत कशा आल्या हे त्यालाच सांगावं लागलं असतं. पण अर्धं सांगितलं तर काउंटरही अर्धंच सुधारेल, आणि मग उद्या कुणाची तरी चुंबळ पुन्हा फटीत जाईल. मालनने पदर खोचला.

"चालतं. पण गेल्या गणपतीत माझीच एक चुंबळ फटीत गेली न् पट्टा बंद पडला. मला मेमो मिळालाय. खोटं कशाला बोलू? आता जाड शिवल्यात, तरी फट हाय ती हायच. नुसती चुंबळच नाय, पोराटोरांचं बोट पण जाईल तिच्यात."

मृणालीने नमुन्यापुढे गुडघे टेकले आणि पट्ट्याच्या टोकाच्या फटीत स्वतःचं बोट घालून पाहिलं. ते सहज आत गेलं.

"जुन्या काउंटरांनाही ही फट आम्हीच ठेवली, ताई," ती उठत म्हणाली. "मेमो आम्हाला मिळायला हवा होता."

"मी पण तेच म्हणत होतो," निलेश म्हणाला. तो असं कधी म्हणाला होता हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोदामातून करवतीचा आवाज येत होता. मालन सांगत होती, मृणाली आखत होती आणि हरिश्चंद्र कापत होता. गुडघ्यांना जागा झाली, पायाखाली पाटाएवढी फळी आली. जाताना मृणालीने एक चुंबळ मागून घेतली. मालनने तिला त्यातल्या त्यात नवी दिली, पैठणीच्या काठाच्या रंगाची.

त्या वर्षीचे गणपती जुन्याच काउंटरांवर गेले. नवी आली ती दिवाळीनंतर. काळ्या रबरी पट्ट्यावर ओळीने उथळ गोल खळगे होते आणि टोकाला फट म्हणून नव्हती. बरोबर आलेला नकाशा निलेशने हौसेने भिंतीवर लावला. त्यात खळग्यांकडे बाण काढून लिहिलं होतं 'चुंबळ', आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: 'सूचना: मालन गोताड, काउंटर ४, रत्नागिरी.' मालनने ते एकदा वाचलं. मग कोणी बघत नाहीसं पाहून पुन्हा वाचलं. घरी गेल्यावर तिने ट्रंकेतला मेमो काढला आणि नवऱ्यापुढे ठेवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिला आता त्या कागदाची लाज वाटत नव्हती. उलट, सांगताना तिची मान ताठ होती.

दुसऱ्याच दिवशी तिने कोतवड्याला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना कमळाताई आली. सुनेने घातलेली वेणी, तिच्यात अबोलीचा गजरा. वाटेत एस्टीच्या वाऱ्याने तो सुटून मानेवर लोंबत होता.

"ये गो, बस," मालनने खुर्ची सोडली. "नुसतं बस."

कमळाताई बसली. तिचे गुडघे काउंटरखाली गेले, पाय फळीवर टेकले. मालन पलीकडे गिऱ्हाईक होऊन उभी राहिली. ट्रॉलीत तांदळाची गोणी होती. तिने एक नारळ खळग्यात ठेवला. पट्टा चालला, थांबला, पुन्हा चालला. नारळ जसा ठेवला तसा कमळाताईपाशी आला. मग कमळाताईने हातातलं मशीन उचललं. कोपर अंगापासून हललंही नाही. तिने ट्रॉलीतल्या गोणीवर लाल उजेड धरला. टिंग वाजलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

कमळाताईने उजवा तळहात पट्ट्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "पाच वर्षा आधी आलं असतं तर बरं झालं असतं गो," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या नकाशाकडे पाहून तिने डोळे पुसले. "पण नाव लिवलंन हां तुझं. चांगलं केलंन."

मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "चल, माणसा खोळंबली," असं म्हणत कमळाताई उठू लागली.

"थांब जरा." मालन तिच्यामागे गेली आणि तिने दोन्ही हात वर करून सुटलेला गजरा वेणीत नीट बसवला. खांद्यात बारीक कळ आली, पण हात अजून तिथवर जात होता. गजरा बसवून झाला तसं तिने गिऱ्हाइकाला म्हटलं, "या, ठेवा सामान."