त्रिवेणीबाईंच्या येसरचं पान

"भारतीकाकू, तुमच्या चकलीबद्दल काही सांगा ना."

"चकली आहे," भारतीकाकू म्हणाल्या. "गोल असते."

रश्मीने तेवढंच लिहून घेतलं. त्याआधी पापडवाल्या बाईंनी स्वतःच्या पापडाला 'बरा आहे' म्हटलं होतं आणि दुपटीवाल्या आजींनी 'आता काय, सगळेच शिवतात' म्हणून विषय संपवला होता. असल्या मजकुरावर वेबसाइट काढली तर अमेरिकेतली मुलं चकली मागवायची सोडून आईची तब्येत विचारायला फोन करतील, असं तिला वाटायला लागलं.

तेलुगू मुलखातल्या चिक्कडपल्लीच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मराठी बायकांचा बाजार भरायचा. अलीकडे गिऱ्हाईक कमी झालं होतं आणि घरटी एखादा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर परदेशी गेला होता. तेव्हा बाजारच तिकडे पाठवू, असं बायकांनी ठरवलं. रश्मी लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात डिझाइन करायची, संध्याकाळच्या क्लासला जाऊन वेबपेजही शिकली होती. काम आपसूक तिच्याकडे आलं.

तिने ते आनंदाने घेतलं, त्याला कारण होतं. रश्मी विद्यानगरची तेलुगू मुलगी. संदेशशी लग्न करून काचीगुड्याला आली त्याला बरीच वर्षं झाली. सासूबाई, त्रिवेणीबाई, तिला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण कधी रागावल्याही नाहीत. पोटच्या मुलीला त्या फोनवर सणसणीत झापायच्या, आणि रश्मीला विचारायच्या, "चहा घेणार का तुम्ही?" त्या 'तुम्ही'ने रश्मी अजून पाहुणीच होती. ते तिला फार लागायचं. या कामाने तरी आपण घरच्या होऊ, असं तिला वाटलं.

"अय्यो, अत्तम्मा, कुणी बोलतच नाही," तिने घरी येऊन सांगितलं. तेलुगूत सासूला म्हणतात तसंच ती त्यांना म्हणायची.

त्रिवेणीबाई हसल्या. "बोलतील कशा? तुम्ही जिची वस्तू तिलाच विचारत बसलात. आमच्या बाजारात आपल्या मालापाशी कुणी बसतं का?"

हे रश्मीने पाहिलं होतं, पण तिच्या ध्यानात आलं नव्हतं. या बाजारात चकलीच्या टेबलाशी पापडवाली बसायची आणि पापडाच्या टेबलाशी चकलीवाली. आपल्या वस्तूचं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नाही, शेजारणीने करायचं. घरच्यांनी केलेलं तर धरायचंच नाही. घरचे काय, कौतुक करणारच.

पुढच्या बाजाराला रश्मीने शेजारणींना विचारलं आणि हॉलमध्ये नुसता कल्ला झाला. "भारतीची चकली? अगं, दात नसलेल्या माणसालाही कुरकुरीत लागते!" पापडवाल्या बाई म्हणाल्या. "हौ, आणि हिचा पापड भाजला की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात," भारतीकाकूंनी परतफेड केली. मराठी अक्षरं चित्र करून पानावर चिकटवावी लागत, त्यामुळे रश्मी दमली. पण वाचताना तिला बाजारातले आवाज ऐकू यायचे. पानं साधली होती.

एकच राहिलं. त्रिवेणीबाईंच्या येसरचं. आमटीत घालायचा हा खमंग मसाला आजवर शेजारच्या टेबलाच्या तारामतीबाई विकायच्या, आणि त्या उन्हाळ्यापासून मुलाकडे अमेरिकेत, डॅलसला होत्या. दोनदा फोन लावला, लागला नाही. त्या गेल्यापासून येसरच्या टेबलाशी कुणी टिकून बसलं नव्हतं, मग बोलणार कोण?

"उगीच परेशान कशाला व्हायचं?" भारतीकाकूंनी सगळ्यांसमोर तोडगा काढला. "ही रश्मी लिहील की! परक्या घरची पोर, हिला कसला नियम?"

बायकांनी माना डोलावल्या. रश्मीचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "लिहिते." घरी बसून तिने मोडक्या मराठीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी बायकांना हॉलवर बोलावून वाचून दाखवलं. "मी तेलुगू. माझ्या आईकडे आमटी नव्हती, पप्पु होतं, साधं वरण. या घरी पहिल्या दिवशी येसरची आमटी खाल्ली. संध्याकाळी परत मागायची लाज वाटली. अत्तम्मांनी न मागता वाढली."

भारतीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "हेच घाला," त्या म्हणाल्या.

"नाही चालायचं," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"का गं? इतकं छान लिहिलंय पोरीनं."

"छान आहे म्हणूनच. घरच्या माणसाचं धरत नाही आपण. आमची रश्मी घरची आहे."

कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. भारतीकाकू एवढंच म्हणाल्या, "मग पान कोरं जाईल, त्रिवेणी."

"जाऊ दे की."

रश्मीने कागदाची घडी घातली. जन्मात कुणी तिचं काम नाकारलं म्हणून ती इतकी खूश झाली नव्हती.

रविवारी काचीगुड्याच्या इंटरनेट कॅफेत बायका एका खुर्चीमागे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पानं एकेक करून सावकाश उघडली. प्रत्येक पानावर शेजारणीचे शब्द होते. येसरच्या पानावर फक्त बरणीचा फोटो आणि भाव. फोटो मात्र बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठा होता. तेवढं घरच्या माणसाला चालतं का, हे रश्मीने कुणाला विचारलं नव्हतं.