नऊ भाषणांचे ओझे

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी असावी. आज ते खरेही आहे. पण मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, आणि आयुष्याची आठ वर्षे मी डब्लिनच्या सिनेटमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, एका बाईंच्या पायाशी, गालिच्यावर बसून काढली आहेत.

माझा जन्म एनिस गावातला. ताइग कॉन्सिडाइन तिथे घोड्यांची खोगिरे आणि लगाम शिवत. पुढे ट्रॅक्टर आले, घोडे गेले, आणि दुकानात बरेच कातडे नुसते पडून राहिले. त्यांची मुलगी अट्रॅक्टा एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. वीस वर्षे लोकांची खरेदीखते टाइप करता करता तिला कायदा पाठ झाला होता, आणि जे पाठ झाले होते त्यातले बरेचसे तिला पटत नव्हते. तिने सिनेटची निवडणूक लढवायचे ठरवले, तेव्हा ताइग एवढेच म्हणाले, "निवडून येशील न येशील, कागद भिजायला नकोत." उरलेल्या कातड्यातून त्यांनी मला शिवले. दुहेरी टाका घातला, खोगिराला घालतात तसा.

आमच्याकडे बहुतेक सिनेटरांना गावोगावचे नगरसेवक मते देतात. म्हणून अट्रॅक्टाबाई उसन्या मोटारीतून देशभर हिंडल्या. घराघरांत चहा झाला, ब्रेड-लोणी झाले, कुणाच्या तरी गुडघेदुखीची हकिकत झाली. लाँगफर्डच्या एका नगरसेवकाने त्यांना दारापर्यंत सोडताना हळूच सांगितले, "मत तुम्हालाच, बाई. पण आमच्या हिच्याशी जास्त बोलू नका. तुम्ही जाल, मला या घरात राहायचंय." बाई मोटारीत बसल्यावर पोट धरून हसल्या. शेवटच्या जागेवर का होईना, त्या निवडून आल्या.

त्या दिवसांत मी फार मानाने मिरवले. बाईंचा आवाज बारीक होता, पण कागद पक्के असत. मुलांचा भत्ता बापाच्या हाती का देता, आईच्या का नाही, यावर त्या बोलल्या. खटल्याच्या पंचमंडळात बायका का बसत नाहीत, यावर बोलल्या. त्या उभ्या राहिल्या की काही सभासदांना नेमकी चहाची आठवण होई. सभागृहाचे शिपाई कॅशिन मला उचलून बाईंच्या हाती देत आणि म्हणत, "आज बॅग जड आहे, बाई. म्हणजे मंडळी लवकर घरी जाणार."

मग अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत एक पत्र आले. निळा कागद, वर रॉसकॉमनमधल्या एका खेड्यातल्या घराचा पत्ता, खाली सही, डिम्फना हॅन्ली. पत्रापाठोपाठ दोनच दिवसांनी ती स्वतः आली. उंच, हाडकुळी बाई. हातमोजे काढून तिने ते मांडीवर एकावर एक ठेवले.

"मी पीठ मळत होते, बाई," ती म्हणाली. "एक माणूस आत आला, टोपी काढली, आणि खिडकी मोजायला लागला. मी म्हटलं, खिडकी धड आहे की आमची. तर म्हणाला, पडद्यांचं माप घेतोय, बायकोला पडदे शिवायचेत. तेव्हा मला कळलं माझं घर विकलंय ते."

तिचा नवरा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कामाला होता. तिथूनच त्याने घर विकले होते. घर त्याच्या नावावर, त्यामुळे बायकोची सही लागत नव्हती. तसा कायदाच होता.

"छप्पर कुणी घातलं?" बाईंनी विचारले.

"मी. अंडी विकून. कौलंसुद्धा मीच वर चढवून दिली."

"त्याचा काही कागद?"

"कोंबड्या कागद देतात का, बाई?"

बाईंनी मान खाली घातली आणि ते निळे पत्र माझ्या आतल्या कप्प्यात ठेवले. "बुधवारी मी हे सभागृहात वाचते," त्या म्हणाल्या. "तू गॅलरीत येऊन बस."

"त्यानंतरच्या सोमवारच्या आत घर रिकामं करायचंय," डिम्फना म्हणाली.

"बुधवारी ये," बाई पुन्हा म्हणाल्या.

मित्रांनो, तो बुधवार मी विसरू शकत नाही. डिम्फना गॅलरीत शेजारणीची टोपी घालून बसली होती. बाईंनी पत्र वाचले. पिठाचे हात, मोजपट्टी, पडदे, सगळे जसेच्या तसे. राहत्या घराच्या विक्रीला बायकोची संमती हवी, असा कायदा करा, अशी त्यांची मागणी होती. तेवढ्यात मॉर्टिमर लेसी उठले. हे मोठे शेतमालक आणि वकील. माणूस वाईट नव्हता. बाईंसाठी दार धरून उभा राहायचा, कधी पेपरमिंटची गोळी पुढे करायचा. पण लोकांना हसवण्याची त्यांना चटक होती.

"सभापती महोदय," ते म्हणाले, "उद्या मी गाय बाजारात नेली, तर आधी बायकोची सही घ्यावी लागेल का? आमच्या घरी मग गाय म्हातारी होऊन मरेल."

बाकांवर हशा पिकला. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"सभापती महोदय, गाय विकली तर तिला नवा गोठा मिळतो," त्या म्हणाल्या. "घर विकलं तर बाईला काय मिळतं, ते सन्माननीय सदस्यांनी सांगावं."

हसू थांबले. लेसींनी नजर खाली वळवली. पण मग घड्याळ पाहिले गेले, चर्चा तहकूब झाली आणि सभासद चहाला गेले.

बाहेर जिन्यापाशी डिम्फना उभी होती. तिने टोपी काढून हातात घेतली होती.

"फार छान बोललात, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडच्या पाद्र्यालासुद्धा असं बोलता येत नाही. मग आता मी सोमवारी कुठे जाऊ?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "आपण सोडायचं नाही, डिम्फना. मी हा विषय पुन्हा आणते. पुन्हा पुन्हा आणते."

ते त्यांनी केले. पाच वर्षांत हा विषय त्यांनी नऊ वेळा सभागृहात आणला. कधी शाळांच्या चर्चेत घुसवला, कधी करांच्या. प्रत्येक भाषण माझ्या पोटातून गेले आणि तहकूब होऊन माझ्याच पोटात परत आले. इकडे डिम्फनाचे घर मोडले. थोरली मुलगी एका मावशीकडे गेली, धाकटी लायट्रिमला दुसऱ्या मावशीकडे. डिम्फना डब्लिनच्या एका वसतिगृहात फरशा पुसू लागली. अर्ध्या सुटीच्या दिवशी चर्चा असली की ती गॅलरीत येऊन बसे. बाई दर वेळी तेच पत्र वाचत. लोकांना ते पाठ झाले होते. पुढे पुढे मोजपट्टीचे वाक्य आले की मागच्या बाकावरचा एक सभासद हळूच म्हणे, "आली बघा मोजपट्टी." शेजारचा खिदळे. ते वर गॅलरीपर्यंत ऐकू जाई.

एकदा जिन्यापाशी डिम्फना म्हणाली, "धाकटी आता मावशीलाच मॅमी म्हणते. हेसुद्धा घाला तुमच्या भाषणात."

बाईंनी ते खरेच लिहून घेतले. डिम्फनाने ते पाहिले आणि ती जिना उतरू लागली.

नवव्या वेळी ती आली नाही. "तुमची हॅन्लीबाई दिसत नाही आज," कॅशिन म्हणाले. बाईंनी वर पाहिले, पत्र उघडले, दोन ओळी वाचल्या आणि एकदम दोन पाने उलटली. ते त्यांचे सर्वांत लहान भाषण झाले. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि एका मताने बाई पडल्या. कॅशिननी मला शेवटचे मोटारीपर्यंत आणून दिले. बाई एनिसला परतल्या आणि मी कपाटावर जाऊन पडले. माझ्या कडांना बुरशी आली.

तीन वर्षांनी कायदा झाला. ते बाईंना डिम्फनाकडूनच कळले. ती एनिसला बसने आली, हातात वर्तमानपत्र, पायात नवे बूट. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"वाचा, बाई! झाला! बायकोच्या संमतीशिवाय घर विकलं तर ती विक्रीच नाही म्हणे. आणि हे पाहा, लेसीसाहेब बाजूनं बोललेत!"

लेसी खरेच बाजूने बोलले होते, चाळीस मिनिटे. त्यातली बरीच वाक्ये माझ्या ओळखीची होती. बाईंचे नाव कुठे नव्हते. बाईंना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. कायद्याचा मजकूर त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, मग ओळींवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचला.

"आता वकिलाला पत्र लिहायचं ना?" डिम्फनाने विचारले.

"डिम्फना, खाली बस."

"मी बसलेलीच आहे, बाई."

"हा कायदा आजपासून पुढच्या विक्रीला आहे. मागे झालेल्या विक्रीला लागू नाही."

किटलीचा आवाज येत राहिला. डिम्फनाने वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"म्हणजे माझ्यावरून झाला, पण माझ्यासाठी नाही."

"नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं? आत्ता?"

बाई खोटे बोलू शकल्या असत्या. मला वाटते, त्या क्षणी मी तशी प्रार्थनाही केली.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "कायदा सहसा मागे जात नाही. वीस वर्षं तेच टाइप केलंय मी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गॅलरीत आली नसतीस. तू समोर असलीस की मला बोलता यायचं. तू नव्हतीस तेव्हा काय झालं, ते कॅशिनना विचार."

"मला वाटायचं, घर परत मिळणार. म्हणून मी दुसरीकडे बिऱ्हाड केलं नाही, बाई. मुलींना आणलं नाही. म्हटलं, न्यायचं तर आपल्याच घरी नेऊ. आठ वर्षं."

बाईंनी तोंडावर पदरासारखा एप्रन ओढून घेतला. डिम्फना उठली. "ज्यांच्यासाठी झालाय त्यांना सांगा," ती म्हणाली, "छपराची काळजी घ्या म्हणावं." त्यानंतर त्या दोघींची भेट झाली नाही. बाईंनी तिला पत्रे लिहायला घेतली, ती माझ्यात ठेवली, आणि पाठवली नाहीत.

एक्क्याऐंशी साली बाई गेल्या. त्यांची भाची गोरेटी घर आवरायला आली. मुलगी चांगली, पण तिला आत्याचे कागद म्हणजे धूळ वाटली. तिने मला परसात पालथी केली, आणि नऊ भाषणे, निळे पत्र, न पाठवलेली पत्रे, सगळ्यांचा एकच जाळ झाला. मी रिकामी, शेजारी पडून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी डिम्फना आली. केस पांढरे झाले होते. मृत्यूची बातमी तिने उशिरा वाचली होती.

"मला काही नको," ती गोरेटीला म्हणाली. "फक्त माझं एक पत्र आहे. निळ्या कागदावरचं. धाकटीला वाटतं, मी सांगते ते घर कधी नव्हतंच. पत्रावर पत्ता होता, माझ्या हातचा. दुसरा कागद नाही माझ्याकडे."

गोरेटीचा चेहरा उतरला. "अहो मावशी, कागद परवाच जाळले मी. मला काय ठाऊक!"

डिम्फनाने मला उचलले. तिने माझ्या प्रत्येक कप्प्यात हात घातला, आतल्या कप्प्यात दोनदा. फरशा पुसून तिची बोटे खरखरीत झाली होती.

"ही बॅग तरी न्या," गोरेटी म्हणाली. "आठवण म्हणून."

"काय करू बॅग नेऊन?" डिम्फना म्हणाली. "ठेवायला काय आहे माझ्याकडे?" आणि ती बसच्या थांब्याकडे चालू लागली.

तेव्हापासून मी गोरेटीच्या पडवीत चिमटे सांभाळते. मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यामुळे किती जणींची घरे वाचली असतील, त्या जणींना त्यांचे नावही ठाऊक नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, चार लोकांत उभे राहून बोलाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा. दुसऱ्याचे दुःख आपल्या बोलण्यासाठी घेतले, तर ते उसने घेतलेले असते. घेतानाच खरे काय ते त्याला सांगा. आणि काम झाले, न झाले, तरी ज्याचे आहे त्याला ते आपल्या हयातीत नेऊन द्या.